‘सापडत नाही’ म्हणजे ‘नाही’ असे नव्हे

महसूल खात्यात माझी तीस-बत्तीस वर्षे गेली. नोकरीला लागलो तेव्हा आमचा भाग धुळे जिल्ह्यात होता. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी, शहादा असा फिरत फिरत आधी तलाठी आणि शेवटी मंडळ अधिकारी म्हणून मी काम केले. २०२४ मध्ये सरकारने तलाठ्याचे पदनाम बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ असे केले. पण आमच्याकडे लोक अजून ‘तलाठी आप्पा’च म्हणतात आणि निवृत्तीनंतरही मला त्याच नावाने हाक मारतात. आज तुमच्याशी बोलायचे आहे ते एका छोट्या वाक्याबद्दल. हे वाक्य मी नोकरीत हजारो वेळा उच्चारले असेल. ते वाक्य म्हणजे, ‘सापडत नाही.’

सातबारा संगणकात गेला त्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. डोंगरातल्या एका पाड्यावरून एक आजी तालुक्याला आल्या होत्या. बँकेने उतारा मागितला होता. बँकेच्या कागदावर त्यांच्या मयत नवऱ्याचे नाव होते, ते आम्ही संगणकात टाकले. उत्तर आले, नोंद नाही. आडनाव टाकले, तरी नाही. मी म्हणालो, ‘आजी, तुमच्या नावावर काही नाही.’ त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि म्हणाल्या, ‘आप्पा, शेत तर आहे. काल निंदून आले.’

या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. रांग मोठी होती, मी पुढचा माणूस बोलावला. आजी बाहेर ओट्यावर बसून राहिल्या. दुपारनंतर त्यांच्याच भागातला एक कोतवाल कामाला आला. त्याने आजींना ओळखले, विचारपूस केली आणि आत येऊन मला सांगितले, ‘आप्पा, ते नाव शाळेतल्या गुरुजींनी ठेवलेले. दप्तरात त्याचे घरचे नाव असेल, वाराचे.’ घरचे नाव टाकले आणि उतारा दोन मिनिटांत निघाला. आजींची मात्र परतीची गाडी चुकली होती.

त्या दिवशी चूक कोणाची होती? आजींची नव्हती. संगणकानेही त्याला जे विचारले त्याचे खरे उत्तर दिले होते. चूक माझी होती. ‘मला सापडत नाही’ असे म्हणायच्या जागी मी ‘तुमचे काही नाही’ असे म्हणालो. एका वाक्यात साधनाचा दोष मी माणसाच्या अंगावर टाकला.

आता हे साधन कसे आहे ते पाहू. महाभूलेखच्या संकेतस्थळावर सातबारा पाहायचा तर आधी विभाग निवडायचा, आपला नाशिक. मग जिल्हा, तालुका, गाव. त्यानंतर गट नंबर टाकायचा, किंवा पहिले नाव, मधले नाव, आडनाव, संपूर्ण नाव यांपैकी काहीतरी. साताऱ्याच्या किंवा पुण्याच्या माणसाला यात फारसे अवघड काही वाटणार नाही. पण आमच्याकडे यातल्या प्रत्येक पायरीवर ठेच लागते.

तालुक्यापासूनच सुरुवात करू. अक्राणी तालुक्याचे ठिकाण धडगाव. कुठल्या यादीत अक्राणी लिहिलेले असते, कुठे धडगाव. माहीतगार माणूस दोन्ही पाहील, नवखा एक पाहून थांबेल. गावाचे त्याहून अवघड. सातपुड्यात गाव म्हणजे एका जागी असलेली वस्ती नव्हे. एका महसुली गावाचे अनेक पाडे, एक या टेकडीवर, दुसरा त्या नाल्यापलीकडे. माणूस आपल्या पाड्याचे नाव सांगतो. यादीत असते महसुली गावाचे. खाली सपाटीवर, शहादा-तळोद्याकडे, एकाच नावाची दोन गावे आणि त्यांच्यापुढे ‘त. ह.’, ‘त. बो.’ अशी अक्षरे. म्हणजे तर्फ हवेली, तर्फ बोरद. जुन्या काळच्या तर्फा गेल्या, अक्षरे राहिली. आजच्या पोराला त्यांचा अर्थ कोणी सांगितलेला नाही.

आणि नावे! गावित हे आडनाव कोणी ऱ्हस्व लिहितो, कोणी दीर्घ. माणसाच्या कानाला दोन्ही एकच. यंत्राच्या लेखी दोन वेगळी कुळे. वसावे, वसावा. वळवी, वलवी. लिहिणाऱ्या तलाठ्याच्या कानावर जसे पडले तसे त्याने लिहिले, आणि तलाठी बहुधा बाहेरगावचा. आदिवासी समाजात जन्मलेल्या वारावरून मुलाचे नाव ठेवायची पद्धत. शाळेत नाव घालताना गुरुजींना ते नाव गावंढळ वाटले की त्यांनी चांगलेसे दुसरे ठेवले. मग सातबाऱ्यावर एक नाव, दाखल्यावर दुसरे, आधारवर तिसरे. आधारवरून आठवले. देशातले पहिले आधार कार्ड सप्टेंबर २०१० मध्ये शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिले गेले, हे तुम्हाला माहीत असेलच. ओळखीचा नंबर देशात पहिल्यांदा आमच्या जिल्ह्याला मिळाला; पण जुन्या दप्तरातले नाव आणि नव्या कार्डावरचे नाव यांची गाठ घालून देण्याचे काम अजून पुरते झालेले नाही.

मंडळी, हे साधन शेतकऱ्यासाठी आहे असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते रोज हाताळतात ते तलाठी, तहसील कचेरीतले कारकून, बँकेचे साहेब, वकील, दस्तलेखक आणि सेतू केंद्रातली मुले. शेतकरी टेबलाच्या पलीकडे उभा असतो. त्याला पडद्यावर काय चालले आहे ते दिसत नाही. त्याला फक्त निकाल ऐकू येतो, सापडले किंवा सापडले नाही. साधन बनवणारे तर त्याहून लांब, पुण्या-मुंबईला. त्यांच्याकडे आकडे जातात ते किती उतारे निघाले त्याचे. किती जण हात हलवत परत गेले, हा आकडा कोणाकडेच जात नाही. शोधून न मिळालेल्या गोष्टीचा कागद निघत नाही, म्हणून तिची नोंदही राहत नाही. आणि साधन नेमके कुठे मोडले आहे हे माहीत असते ते त्या परत गेलेल्या माणसालाच.

आजींच्या प्रसंगानंतर मी एक शंभर पानी वही घातली. तिच्यावर काही नाव लिहिले नव्हते, पण आमच्या कचेरीत तिला ‘न सापडलेल्यांची वही’ म्हणू लागले. तिच्यात तीन रकाने. माणसाने काय शब्द वापरून विचारले, आम्ही काय टाकले, आणि शेवटी ते कशाखाली सापडले. बस्स, एवढेच. पाड्याचे नाव आणि त्याचे महसुली गाव. घरचे नाव आणि शाळेचे नाव. कुठल्या गावात आधीच्या तलाठ्याने ‘वे’ लिहिले आणि कुठे ‘वा’. वर्षभरात असे झाले की नवीन ऑपरेटर आला तरी तो आधी वही उघडायचा. ज्या शोधाला पूर्वी अर्धा दिवस जायचा तो पाच मिनिटांत व्हायचा. त्या वहीतली एकही ओळ माझ्या डोक्यातून आलेली नव्हती. ती सगळी टेबलाच्या पलीकडून आली होती.

बदली झाली तेव्हा चार्ज दिला. चार्ज देताना दप्तराची यादी असते. किती रजिस्टरे, किती नकाशे, किती शिक्के. त्या यादीत या वहीसाठी रकाना नव्हता. मी ती पुढच्याच्या हातात दिली, त्याने कपाटावर ठेवली. तिचे पुढे काय झाले ते मी विचारले नाही. आता वाटते, विचारायला हवे होते.

पुढे २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचन झाले. हाताने लिहिलेला सातबारा आणि संगणकातला सातबारा यांत खूप फरक राहिले होते. नाव सुटले, क्षेत्राचा दशांश सरकला, एकाचा बोजा दुसऱ्याच्या खात्यावर गेला. ते दुरुस्त केल्याशिवाय डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा देता येणार नव्हता. म्हणून ठरले, की गावोगावी संगणकातले दप्तर मोठ्याने वाचून दाखवायचे आणि लोकांनी चुका सांगायच्या. पुढे १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला, त्याच्यामागे ही मेहनत आहे. एखादे सरकारी शोधसाधन त्याच्या मालकांसमोर वाचून तपासून घ्यायचे, ही माझ्या मते फार मोठी गोष्ट होती. तिचे जितके कौतुक व्हायला हवे होते तितके झाले नाही.

पण वाचन म्हणजे विचारणे नव्हे, हे मी तेव्हाच शिकलो. डोंगरातल्या गावात चावडी कुठली? शाळेच्या ओट्यावर बसलो. मी वाचत गेलो, गट नंबर अमुक, क्षेत्र एक हेक्टर बासष्ट आर, आकार इतका, भोगवटादार वर्ग दोन. प्रत्येक नावानंतर विचारायचो, ‘बरोबर आहे ना?’ लोक म्हणायचे, ‘हो आप्पा.’ तासाभरात निम्मे गाव वाचून झाले आणि एकही चूक निघाली नाही. मला शंका आली. एवढे शुद्ध दप्तर माझ्या तरी हातून झालेले नव्हते.

मग एका म्हाताऱ्या खातेदाराला मी वेगळेच विचारले. ‘बाबा, तुमच्या शेताच्या वरच्या अंगाला कोण?’ त्याने नाव सांगितले. ‘खालच्या अंगाला?’ ‘नाला.’ ‘नाल्याच्या पलीकडे?’ ‘भाऊ.’ मी नकाशा पाहिला. नकाशात त्या जागी त्याच्या भावाचा गट आणि भावाच्या जागी त्याचा. दोघांचे उतारे अदलाबदल झाले होते. मघाशी दोघेही ‘बरोबर आहे’ म्हणाले होते, कारण दोघांची नावे वाचली गेली होती. हेक्टर आणि आर त्यांच्या कानावरून गेले. त्यांना शेत ठाऊक होते ते नाल्याने, महूच्या झाडाने आणि शेजाऱ्याने.

त्यानंतर मी प्रश्न बदलले. कोण वारले? त्यांची मुले-मुली किती, त्यांपैकी लग्न होऊन बाहेर गेलेल्या कोण? तुमच्या शेतात विहीर आहे का, ती कागदावर आहे का? सोसायटीचे कर्ज फेडले का, मग बोजा का दिसतो? आता बोलणे सुरू झाले. मागे बसलेल्या बायकाही बोलू लागल्या, आणि कोणाच्या घरी कोण वारस हे त्यांना पुरुषांपेक्षा नेमके माहीत होते. संध्याकाळी माझ्याकडे चुकांची यादी पानभर झाली होती. सकाळचे निम्मे गाव मग दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचले.

‘काही तक्रार आहे का?’ असे विचारले की लोक ‘नाही’ म्हणतात. साहेबासमोर आपल्याकडे ‘नाही’ म्हणायचीच रीत आहे. शोधायला बसवले, त्याच्याबरोबर त्याच्या वाटेने चालत गेले, की दोष आपोआप दिसतो. अभिप्रायाची पेटी भिंतीला टांगून वापरणाऱ्याचा सहभाग होत नाही.

हे सगळे मी एकदा एका ग्रंथपाल मित्राला सांगत होतो. तो हसला आणि म्हणाला, तुझ्या ओट्यावरचा हा शोध अमेरिकेत पन्नास वर्षांपूर्वी लागून गेला आहे. त्याने सांगितलेली हकिकत मला फार आवडली, म्हणून तुम्हाला सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६४ मध्ये डॉक्टरांसाठी संगणकावर लेख शोधण्याची एक व्यवस्था सुरू केली. तिचे नाव मेडलार्स. आज जगभरचे डॉक्टर घरबसल्या वापरतात त्या पबमेडची ती आजी म्हणा. तेव्हा डॉक्टर प्रश्न पाठवायचे, ग्रंथालयातली तज्ज्ञ माणसे तो यंत्राच्या भाषेत मांडायची आणि लेखांची यादी परत पाठवायची. काही वर्षांनी प्रश्न आला, की ही व्यवस्था खरेच किती शोधते?

एफ. डब्ल्यू. लँकेस्टर नावाच्या माणसाने ही तपासणी केली. त्याने मनाने बनवलेले प्रश्न घेतले नाहीत. खऱ्या डॉक्टरांनी आणि संशोधकांनी कामासाठी विचारलेले सुमारे तीनशे प्रश्न घेतले. मिळालेले लेख त्यांनाच परत दाखवून विचारले, की यातला तुमच्या कामाचा कोणता? १९६८ मध्ये त्याचा अहवाल आला. जे लेख सापडायला हवे होते त्यांतले सरासरी ५८ टक्केच सापडत होते, आणि जे दिले जात होते त्यांतले निम्मेच कामाचे होते. म्हणजे जगातल्या त्या काळच्या सर्वांत चांगल्या साधनातूनही चाळीस टक्के गोष्टी निसटत होत्या.

याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. लँकेस्टरने एकेक निसटलेला लेख घेऊन तो का निसटला हे पाहिले. कुठे विषयाची नोंद चुकली होती, कुठे शोधणाऱ्याने वाट चुकवली होती. पण सुमारे चतुर्थांश वेळा दोष विचारणारा आणि यंत्रणा यांच्या बोलण्यातच होता. आणि आश्चर्य असे, की डॉक्टर समोर बसून तज्ज्ञाशी बोलला की काही वेळा प्रश्न अधिकच बिघडायचा. कारण तज्ज्ञ बोलता बोलता यंत्रातले शब्द पुढे करायचा आणि डॉक्टर ‘हो, तेच’ म्हणून जायचा. याउलट ज्याने आपली गरज आपल्या शब्दांत सविस्तर लिहून पाठवली, त्याचा शोध चांगला व्हायचा.

माझ्या डोळ्यांसमोर तो शाळेचा ओटा उभा राहिला. ‘बरोबर आहे ना?’ ‘हो आप्पा.’ तिकडचा सुशिक्षित डॉक्टर आणि इकडचा निरक्षर खातेदार, दोघेही कारकुनाच्या शब्दापुढे मान तुकवतात. म्हणून पहिला नियम असा, की विचारणाऱ्याच्या तोंडात आपला शब्द घालू नये. त्याचा शब्द आधी जसाच्या तसा लिहून घ्यावा. यंत्राचा शब्द त्याला जोडून द्यायचे काम आपले.

दुसरा नियम आपल्या शेजारच्या राज्याने दाखवला. कर्नाटकात २००१ च्या सुमारास जमिनीचे दप्तर ‘भूमी’ नावाच्या योजनेत संगणकावर आले. त्या केंद्रांत एक साधी सोय केली होती. कारकुनापुढे एक पडदा आणि शेतकऱ्याकडे तोंड केलेला दुसरा. कारकून काय टाकतो, काय दिसते, हे शेतकऱ्याला दिसायचे. आपले नाव चुकीचे टाकले जात असेल तर तो तिथल्या तिथे म्हणू शकायचा. दुसऱ्या पडद्याला असा किती खर्च येतो? आजही आपल्याकडच्या कित्येक कचेऱ्यांत एकच पडदा असतो आणि त्याची पाठ लोकांकडे असते.

आता तुम्ही म्हणाल, मग लोक सांगतील ते सगळे दप्तरात घालायचे का? नाही. इथे फार सांभाळून बोलले पाहिजे, आणि आमच्या जिल्ह्यात तर विशेष. शहादा-तळोद्याच्या सपाटीवर आदिवासींच्या जमिनी कर्जापायी, अंगठ्यापायी, तोंडी व्यवहारांपायी दुसऱ्यांच्या हातात कशा गेल्या, हा इतिहास फार जुना नाही. १९७२ मध्ये अंबरसिंग महाराजांच्या नेतृत्वाखाली शहाद्यात जमिनीसाठी जे आंदोलन उभे राहिले त्याच्या मुळाशी हीच वेदना होती. पुढे १९७४ मध्ये कायदे झाले. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला सहजी घेता येणार नाही अशी कलम ३६ अ ची तरतूद आली, गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा आला. त्या काळी दप्तरात चार माणसांच्या सांगण्यावरून नाव बदलता आले असते, तर कोणाचे नाव बदलले असते हे सांगायला नको. चार माणसे नेहमी दुबळ्याच्या बाजूने उभी राहत नाहीत.

म्हणून दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. एक आहे हक्काची नोंद. ती बदलायला फेरफार हवा, नोटीस हवी, हरकतीची मुदत हवी. लिहिण्यातली चूक असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांचा आदेश हवा. ही वाट लांब आहे आणि ती लांबच असावी. दुसरी आहे त्या नोंदीपर्यंत पोचायची वाट. पाड्याचे नाव, घरचे नाव, आडनावाचे दुसरे रूप, ‘त. ह.’चा अर्थ. हे सगळे वाटेवरचे दगड आहेत. ते हलवल्याने कोणाच्या जमिनीची तसूभर बांधबंदिस्ती हलत नाही. ‘गावित’ टाकले तर ‘गावीत’ही दाखवा, एवढे म्हटल्याने कोणाचा हक्क जात नाही. ही वाट सुधारायचे काम लोकांकडे मोकळेपणाने द्यावे. आपण नेमके उलटे करतो. हक्काच्या नोंदीत घुसखोरी होते तेव्हा डोळे झाकतो, आणि वाटेवरचा दगड हलवायचा म्हटले की वरून आदेश नाही म्हणतो.

चांगली उदाहरणेही आहेत, तीही सांगितली पाहिजेत. सप्टेंबर २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना बदलला. त्यावर गावाचा कोड आला, शेवटच्या फेरफाराचा क्रमांक आला, एखादा फेरफार प्रलंबित असेल तर तेही दिसू लागले. कागद हातात घेणारा माणूस कुठे अडतो, याचा त्यामागे विचार दिसतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करायची पद्धत आली. पहिल्या वर्षी पुष्कळ अडचणी आल्या, लोकांनी त्या सांगितल्या, आणि २०२२ च्या सुधारित ॲपमध्ये चुकलेली नोंद शेतकऱ्याला ४८ तासांत स्वतः दुरुस्त करायची सोय झाली. वापरणाऱ्याचे ऐकले की साधन सुधारते, याचे हे घरचे उदाहरण. २०२५ च्या एप्रिलपासून ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायचे काम राज्यभर हाती घेतले गेले. त्याची सुरुवातही गावात मयत खातेदारांची यादी वाचूनच होती. अर्थात, जिथे मोबाइलला रेंज नाही अशा पाड्यांवर ॲपचा उपयोग किती, हा प्रश्न आमच्याकडे आहेच. तोही टेबलाच्या पलीकडूनच विचारला गेला पाहिजे.

मग मी काय सुचवतो? मोठे काही नाही. प्रत्येक सजात, प्रत्येक सेतू केंद्रात, बँकेच्या प्रत्येक शाखेत ‘न सापडलेल्यांची वही’ असावी. तीन रकाने पुरेत. ती वही दर महिन्याला तालुक्याला जावी आणि तिथून साधन बनवणाऱ्यांकडे. चार्ज देण्याच्या यादीत तिला रकाना असावा. दुसरे, पडद्याचे तोंड लोकांकडे फिरवावे. आणि तिसरे, जे सर्वांत जास्त विसरले जाते. ज्याने चूक सांगितली त्याला तिचे काय झाले ते परत सांगावे. सांगितलेल्याचे काही होत नाही असे एकदा वाटले की माणूस दुसऱ्यांदा सांगत नाही. त्याचे गप्प बसणे मग आपण समाधान समजतो.

आणि जे ऐकत आहेत त्या शेतकरी बंधू-भगिनींसाठीही दोन शब्द. आपला सातबारा वर्षातून एकदा घरात मोठ्याने वाचा. नाव, क्षेत्र, इतर हक्कांत काय लिहिले आहे, कर्ज फिटले असेल तर बोजा उतरला का, आदिवासी खातेदार असाल तर ३६ अ चा शेरा आहे का, हे पाहा. नावाने सापडला नाही तर शेजाऱ्याचा गट नंबर विचारा. त्याच्या मागेपुढे तुमचा सापडायचा संभव असतो. आणि कोणी ‘तुमचे काही नाही’ म्हणाले तर उठून जाऊ नका. ‘तुम्ही काय टाकून पाहिले?’ एवढे विचारा. हा प्रश्न विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.

त्या आजी उतारा घेऊन संध्याकाळी निघाल्या. गाडी नव्हती म्हणून कोतवालाच्या नातेवाइकाकडे मुक्कामाला गेल्या. जाताना मी म्हणालो, ‘आजी, आज तुम्हाला त्रास झाला.’ त्या म्हणाल्या, ‘मला नाही आप्पा, तुम्हालाच सापडत नव्हते.’

किती बरोबर बोलल्या. शोधत आम्ही होतो. हरवले आम्ही होतो. त्यांचे शेत जिथल्या तिथे होते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)